पेनीचा तंग

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. दुसऱ्याच्या बायकोवरून एखादी चेष्टा केलीत तर लोक हसून सोडून देतील. पण दुसऱ्याच्या खोगिराला न विचारता हात लावलात तर दिवसभर तुमच्याशी कोणी बोलणार नाही. वेंडल प्रॉक्टर मात्र सगळ्यांच्याच खोगिरांना हात लावायचा. वसंतात वासरांना डाग द्यायला सगळं खोरं जमलेलं असायचं, घोडे कुंपणाला ओळीने बांधलेले असायचे, आणि हा एका टोकाकडून चालत निघायचा. प्रत्येक घोड्याच्या पोटाशी वाकायचा, खोगीर आवळणाऱ्या पट्ट्यात, म्हणजे तंगात, दोन बोटं सरकवून बघायचा. पट्टा सैल लागला तर ज्याचा घोडा त्याच्याकडे बघून नुसती मान हलवायचा आणि पुढे जायचा.

पोरंटोरं त्याला मागून ‘दोनबोट्या’ म्हणायची. मोठी माणसं त्यांना दटावायची, कारण मोठ्यांना त्याचं कारण माहीत होतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

वेंडल आधी हॅस्केलच्या रँचवर मुकादम होता. आमची जमीन हॅस्केलच्या कुंपणाला लागूनच. मी लग्न होऊन ऑरिनच्या घरी आले त्याच वर्षी वेंडल आणि त्याची बायको आर्डिथ मुकादमाच्या घरात राहायला आले. आसपास दुसरी बाई नव्हती, म्हणून आर्डिथ आणि मी मैत्रिणी झालो. आवडीनिवडी काही जुळत नव्हत्या. तिला शिवणकामाचा कंटाळा आणि मला घोड्यांची भीती. ती आयडाहोकडची, घोडे माणसाळवणाऱ्या बापाची लेक. मला म्हणायची, “लोरेटा, घोडं काय आणि नवरा काय, मागून गेलीस तर लाथ बसणारच. समोरून जावं आणि आधी हाक मारावी.”

वेंडल बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्याच्या हाताखाली काम केलेली माणसं सांगायची की तो कधी ओरडला नाही, पण त्याच्यासमोर चूक करायची लाज वाटायची. एका गोष्टीत तो फार कडक होता. ज्याला घोड्यावर बसायचं त्याने आपलं खोगीर आपण चढवायचं. मग तो पाहुणा असो, मालकाचा मुलगा असो, नाहीतर स्वतःची पोर.

पोर एकच, कोरीन. तिच्या आधीची दोन बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे ही झाली तेव्हा आर्डिथ घाबरून महिनाभर तिला कोणाच्या हातात देत नव्हती. वेंडलने मात्र पोरीला चालता येण्याआधी पुढ्यात घेऊन घोड्यावरून फिरवलं. ती जरा मोठी झाली तसं बादली पालथी घालून तिला त्यावर उभं केलं आणि खोगीर चढवायला शिकवलं. आमच्याच आवारात, मी कुंपणावर बसून ते बघितलंय.

“आधी पाठीवरून हात फिरव. काडी, काटा, चिखल, काही राहता कामा नये. तुझ्या बुटात खडा घालून तुला दिवसभर चालवलं तर कसं वाटेल?”

“मी बूट काढून टाकीन,” कोरीन म्हणाली.

“घोड्याला खोगीर काढता येत नाही. आता घोंगडी टाक. जरा पुढेच टाक, आणि मग मागे ओढ. केस निजले पाहिजेत. हां. आता खोगीर. आपटू नकोस, अलगद ठेव. तुझ्या पाठीवर कोणी टेबल आपटलं तर?”

“बाबा, तुम्ही मलाच सारखं घोडं का करताय?”

मी हसले. वेंडल हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. मग त्याने तिला दोन्ही तंग दाखवले. पुढचा आधी आवळायचा, मागचा नंतर. सोडताना मागचा आधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदा आवळून भागत नाही. घोडं लबाड असतं, तंग आवळताना श्वास भरून पोट फुगवून उभं राहतं. त्याला चार पावलं चालवायचं, त्याचं पोट उतरू द्यायचं, मग पुन्हा आवळायचं. दोन बोटं जातील एवढी जागा ठेवायची, तिसरं जाता कामा नये.

कोरीनची स्वतःची घोडी आली ती पेनी. नव्या तांब्याच्या नाण्यासारखा रंग, म्हणून पेनी. स्वभावाने गरीब, पण पोट फुगवण्यात तिच्याइतकी पटाईत घोडी मी पाहिली नाही. पट्टा आवळताना डोळे अर्धे मिटून अशी उभी राहायची की जणू प्रार्थना चाललीय.

कोरीन सोळा वर्षांची झाली. पाय लांब, हसताना नाक आक्रसायची आणि सकाळी उठण्याच्या नावाने बोंब. वेंडलची आणि तिची रोजची भांडणं त्यावरूनच. “गुरं तुझी वाट बघत थांबत नाहीत,” तो म्हणायचा. “मग ती तुमच्यापेक्षा शहाणी,” ती म्हणायची. तो काही सांगो, ती त्याच्या उलट करणार, असंच त्या वयात चाललं होतं. पण दिवसभर दोघं डोंगरावर सोबतच असायची.

त्या ऑक्टोबरात उन्हाळी कुरणातली गुरं खाली आणायची होती. आमचा ऑरिनही मदतीला गेला होता. दुपारी तो एकटाच घोडा फेकत परत आला, तेव्हा मी अंगणात सफरचंदं सोलत होते. त्याने मला काही सांगायच्या आत मी उठून उभी राहिले होते. लाल उतार म्हणतात तिथे, एक वासरू कळप सोडून पळालं म्हणून कोरीनने पेनीला त्याच्यामागे आडवी घातली होती. खोगीर फिरून घोडीच्या पोटाखाली गेलं. घोडी बुजली. कोरीनचा पाय रिकिबीत अडकला होता.

एवढंच सांगते. पुढचं ऑरिननेही मला नीट कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी शेरीफचा माणूस आला. प्रॉक्टरांच्या स्वयंपाकघरात आम्ही सात-आठ जण उभे होतो, बसायला कोणाला सुचत नव्हतं. त्या माणसाने टोपी काढून हातात धरली होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, “वेंडल, विचारावं लागतंय म्हणून विचारतो. घोडीवर खोगीर तिनेच चढवलं होतं ना?”

“नाही,” वेंडल म्हणाला. “मी चढवलं होतं.”

आर्डिथ चुलीकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. मला वाटलं, बाई दुःखाने दगड झालीय.

खोऱ्यात त्याला तोंडावर कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे लोक असल्या वेळी भाजलेलं मांस, ॲपल पाय आणि बीन्सची पातेली आणून देतात आणि हवेबद्दल बोलतात. पण पाठीमागे बोलणं व्हायचंच. पोरीला जन्मभर नियम शिकवला, आणि त्या दिवशी स्वतःच मोडला, आणि तोही असा. वसंतापर्यंत हॅस्केलने दुसरा मुकादम नेमला. वेंडलला सांगताना म्हणे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “माणसं तुझ्या हाताखाली जायला कचरतायत रे. मी काय करू?” वेंडल म्हणाला, “बरोबर आहे त्यांचं.”

मग तो कुंपणं दुरुस्त करणं, हिवाळ्यात गुरांना गवत घालणं, अशी कामं करू लागला. मुकादमाचं घर सोडून दोघं कालव्याकडेच्या लहान घरात राहायला गेली. पेनीला गोळी घाल असं पुष्कळ जणांनी सुचवलं. “तिचा काय दोष?” म्हणून त्याने तिला कुरणात मोकळी सोडली. तिच्यावर पुन्हा कधी कोणी बसलं नाही. म्हातारी होऊन मेली.

आर्डिथने त्या दिवसापासून घोड्याला हात लावला नाही. कुठे जायचं तर पायी, नाहीतर ट्रकने. आणि वेंडलचं ती फार करायची. इतकं, की बघवत नसे. तारेचं कुंपण ठोकणाऱ्या माणसाचे शर्ट ती कॉलरसकट इस्त्री करायची. त्याच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा, स्वतःच्या ताटात कडा. तो म्हणायचा, “राहू दे ना आर्डिथ.” ती ऐकू न आल्यासारखं करायची. त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. जेवताना दोघांत मीठ इकडून तिकडे जायचं, शब्द जायचा नाही. मी मनाशी म्हणायचे, हिने त्याला अजून माफ केलेलं नाही. आणि मला वेंडलची दया यायची.

अशी बरीच वर्षं गेली. कोरीनच्या बरोबरीच्या मुलींना मुलं झाली. वेंडलचा उजवा खांदा धरला. तरी डाग द्यायच्या दिवशी तो कुंपणापाशी यायचाच, आणि त्याची दोन बोटं ओळीने फिरायचीच. लोकांना सवय झाली होती. काही जण तर घोडा बांधून मुद्दाम त्याची वाट बघत थांबायचे.

एका मे महिन्यात आमच्याकडे डागांचा दिवस होता. हॅस्केलच्या रँचवर नुकताच लागलेला डार्विन कूप नावाचा एक गडी मदतीला आला होता. कुठून दक्षिणेकडून आलेला, हाताने तरबेज, पण जिभेला लगाम नाही. सकाळी वासरं बांधून झाली, माणसं जेवायला बसणार, तेव्हा वेंडल घोड्यांच्या ओळीतून चालला होता. त्याने डार्विनच्या घोड्याच्या तंगात बोटं घातली.

“ए म्हातारबा!” डार्विन टेबलाकडूनच ओरडला. “हात काढ तिथून. कोणाला विचारून हात लावलास?”

वेंडल म्हणाला, “सैल आहे.”

“सैल असू दे नाहीतर फास असू दे. स्वतःच्या पोरीचा तंग बांधता आला नाही, आणि निघालाय जगाचे तपासायला.”

तो गडी नवीन होता, त्याला नुसतं ऐकून माहीत होतं. बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं असावं, कारण त्याचा चेहरा पडला. ऑरिनने हातातलं ताट खाली ठेवलं आणि त्याच्याकडे चालू लागला. वेंडल मात्र काही झालंच नाही असा पुढच्या घोड्याकडे वळला.

आर्डिथ घरातून कॉफीचं भांडं घेऊन येत होती. तिने ते भांडं तिथेच धुळीत ठेवलं.

“तो तंग त्याने बांधला नव्हता,” ती म्हणाली. आवाज काही मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “मी बांधला होता.”

“आर्डिथ,” वेंडल म्हणाला. “घरी चल.”

“पोरगी उठली नव्हती. हा बाहेर घाई करत होता. आज पुन्हा भांडण नको, म्हणून मी गुपचूप जाऊन पेनीवर खोगीर टाकलं. तंग एकदा आवळला. घोडीला चालवून दुसऱ्यांदा आवळणार होते. तेवढ्यात ओव्हनमधल्या बिस्किटांचा करपट वास आला आणि मी आत पळाले. बाहेर आले तोवर ती वर बसून निघाली होती. तिला वाटलं, आईने बांधलंय म्हणजे नीटच असणार.” ती डार्विनकडे वळली. “तुला बोलायचं ना? मग माझ्याशी बोल.”

डार्विनने टोपी काढली. 

वेंडलने तिला दंडाला धरून ट्रककडे नेलं.  ते गेल्यावर हॅस्केलची म्हातारी बहीण म्हणाली, “बिचारी. नवऱ्यावरचं बोलणं सहन झालं नाही तिला.” आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तिच्यावर कोणाचा विश्वासच बसला नाही! भांडी घासताना ऑरिनसुद्धा मला म्हणाला, “कोणतीही बायको हेच म्हणेल.”

“ती नाही म्हणणार,” मी म्हटलं. आर्डिथ माझ्या ॲपल पायची सुद्धा खोटी स्तुती करायची नाही. तोंडावर सांगायची, लोरेटा, हा खाण्यापेक्षा तळव्याला लावला तर बूट टिकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायी आमच्या दारात आली. हातात कपड्यांची पिशवी होती. मी काही न विचारता कॉफी ठेवली. ती बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली.

“काल त्याने मला सांगितलं,” ती म्हणाली.

“काय?”

“घरी जाताना मधल्या फाटकाशी तो गाडी थांबवून उतरला. फाटक उघडलं आणि तसाच धरून उभा राहिला. परत गाडीत येईना. मी खाली उतरले. म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, आर्डिथ, तू बांधलास हे मला पोरीने वाटेतच सांगितलं होतं. आणि गुरं घेऊन येताना एक चढ लागला, तिथे म्हणाली, बाबा, खोगीर सरकतंय, उतरून आवळू का? आणि मी म्हटलं, आत्ता नको. गुरं फुटतायत. वर गेलो की आवळ.”

मी तिच्यापुढे कॉफी सरकवली.

“म्हणाला, ‘ती माझं कधी ऐकायची नाही गं. त्या एका दिवशी ऐकलं.’”

आर्डिथच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. हातांनी मात्र तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

“इतकी वर्षं, लोरेटा! इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी पडून मनात म्हणायचे, या माणसाने माझं पाप आपल्या डोक्यावर घेतलंय. मुकादमी गेली, नाव गेलं, पोरं टिंगल करतात, आणि हा माझ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मला त्याच्याकडे मान वर करून बघता येत नव्हतं. त्याच्यासमोर हसायची चोरी झाली होती. किती वेळा वाटलं, सांगून टाकावं सगळ्यांना. पण मग वाटायचं, त्याने एवढं केलंय, ते मी मातीत कसं घालू? आणि तो? तो मला वाचवायला बोललाच नव्हता. तो स्वतःलाच गुन्हेगार धरून बसला होता. त्यात मी नव्हतेच.”

“मग तुझं ओझं जरा हलकं...” मी म्हणू लागले.

“हलकं? सैल तर मीच सोडला होता ना? ते कुठे गेलं?” तिचा आवाज चढला. “त्याने मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी त्याला शिव्या घातल्या असत्या. त्याने मला घातल्या असत्या. भांडी फोडली असती. पण निदान एकमेकांशी बोललो तरी असतो! आम्ही दोघांनी पोरीला एकेकट्याने पुरलं गं.”

ती आमच्याकडे राहिली. मागची खोली तिला दिली. ती कोंबड्यांचं बघायची, भाजीच्या वाफ्यातलं गवत काढायची. वेंडलबद्दल एक शब्द नाही. दर रविवारी तो ट्रक घेऊन यायचा, फाटकाच्या आत गाडी उभी करायचा आणि गाडीतच बसून राहायचा. ना हाक मारायचा, ना खाली उतरायचा. ऊन डोक्यावर आलं की निघून जायचा. मी एकदा लिंबूपाणी नेऊन दिलं. “ती बरी आहे ना?” एवढं विचारलं आणि पेला रिकामा करून परत दिला.

असे बरेच रविवार झाले. गवत कापणीला आलं. अशाच एका रविवारी ट्रक बाहेर उभा असताना ऑरिन आर्डिथच्या देखत मला म्हणाला, “लोरेटा, त्या गाडीतल्या माणसाला पुढच्या रविवारी गवताबरोबर उलटापालटा करायला हवा. एकाच बाजूने वाळतोय.”

आर्डिथला हसू आलं. मी पाहिलं, तिला ते आवरता आलं नाही. आणि हसता हसताच ती रडायला लागली. मग तिने तोंड धुतलं, बाहेर गेली आणि ट्रकचं दुसरं दार उघडून त्याच्या शेजारी जाऊन बसली. काय बोलली मला माहीत नाही. दोघांचे हात हलताना दिसत होते. एकदा तिने गाडीच्या पुढच्या फळीवर थाड थाड मुठी आपटल्या. एकदा त्याने डोकं स्टीअरिंगवर टेकवलं. दुपार कलल्यावर ती येऊन पिशवी घेऊन गेली.

सप्टेंबरात एका सकाळी दोघं आमच्याकडे आली. आर्डिथ म्हणाली, “लोरेटा, तुमचा बॅजर आज मला हवाय. आम्ही लाल उतारावर जाऊन येतो.” बॅजर म्हणजे आमचा करडा म्हातारा घोडा, पोरांना शिकवायला ठेवलेला. उतारावर त्या दिवसानंतर वेंडल कधी गेला नव्हता, वळसा घालून जायचा. आर्डिथने ती जागा पाहिलीच नव्हती.

मी कोठीतून ऑरिनचं जुनं खोगीर काढून दिलं. आर्डिथने बॅजरच्या पाठीवरून हात फिरवला. घोंगडी पुढे टाकून मागे ओढली. खोगीर पहिल्या झोक्याला वर गेलं नाही. वजनाने असेल, वय झालं होतंच. दुसऱ्या झोक्याला ते वर गेलं, आणि तिने ते अलगद टेकवलं. तंग आवळला. घोड्याला धरून आवारात एक फेरी मारली, परत येऊन पुन्हा आवळला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

वेंडल आपला घोडा धरून बाजूला उभा होता. अख्ख्या खोऱ्याचे तंग तपासणारा माणूस. मी त्याच्या हाताकडे बघत होते. तो हात खिशातून निघाला नाही.

“बघ ना,” आर्डिथ म्हणाली.

“तू बांधलास ना?”

“हो.”

“मग झालं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग रिकिबीत पाय घातला. आधार द्यायला मी पुढे झाले, पण तिला गरज लागली नाही. दोघं फाटकातून चालीवर बाहेर पडली.

तिथे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. तिथे काहीच नव्हतं. रानझुडपं, लाल माती, वारा. वेंडलला नेमकी जागा सापडेना. हा खडक की तो, म्हणून तो एवढासा चेहरा करून इकडेतिकडे फिरत राहिला. मग दोघं उतरून बसली. तिने विचारलं, “ती काही बोलली का शेवटी?”

“नाही.”

“खरं सांग. आता तरी खरं सांग.”

“नाही गं. मी पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आणि मी काय केलं सांगू? मी तिची टोपी शोधत बसलो. ती तिथे पडलीय, आणि मी झुडपांत तिची टोपी शोधतोय. का, कोण जाणे. ऑरिनने मला धरून आणलं.”

“सापडली का टोपी?”

“नाही.”

मग, आर्डिथ म्हणाली, आम्ही दोघांनी उठून टोपी शोधली. इतक्या वर्षांनी कसली सापडतेय! पण ऊन उतरेपर्यंत शोधली.

त्यानंतरचा हिवाळा त्या दोघांना मिळाला. मी त्यांच्याकडे जायचे तेव्हा घरात आवाज असायचा. बटाटे जाड चिरण्यावरून, रेडिओ लावण्यावरून कटकट चालायची. तिने त्याचे शर्ट इस्त्री करायचं सोडून दिलं होतं. तो चुरगळलेल्या कॉलरने फिरायचा आणि मला तो आधीपेक्षा रुबाबदार वाटायचा. एकदा मी दारात पोचले तर आतून आर्डिथचं हसणं ऐकू आलं. मी आत न जाता थोडा वेळ पायरीवरच बसले.

फेब्रुवारीत वेंडल गेला. बर्फात गुरांना गवत घालायला निघाला होता. घोड्यांची गाडी चालता चालता कुरणात थांबली, ती थांबलीच. ऑरिनने लांबून पाहिलं की गुरं गाडीभोवती जमलीत आणि वरून गवत पडत नाहीय. वेंडल गवताच्या गाठोड्यांवर आडवा झाला होता, हातमोजे हातात तसेच. डॉक्टर म्हणाले, हृदय.

जमीन गोठलेली होती. खड्डा खणायला पहारी लागल्या. डार्विन कूप न बोलावता आला आणि सबंध दिवस पहार चालवून गेला. आर्डिथने त्याला कॉफी दिली. तो काही बोलू लागला तेव्हा ती म्हणाली, “पी, निवेल.”

कालव्याकडेचं घर रँचचं होतं, ते सोडावं लागलं. आर्डिथ खाली एल्को शहरात रेल्वेजवळ माडीवरची एक खोली घेऊन राहिली. मी किराणा आणायला गेले की तिच्याकडे जायचे. मालगाडी गेली की कपबशा थडथडायच्या आणि तेवढा वेळ आम्ही गप्प बसायचो. तिचे गुडघे गेले होते, जिना उतरणं अवघड झालं होतं. जीभ होती तशीच होती. माझ्या नव्या टोपीला तिने कोंबडीचं खुराडं म्हटलं.

एका मार्चमध्ये निघताना तिने माझा हात धरला. “लोरेटा, वरचा रस्ता सुकला की मला एकदा ट्रकने घेऊन जाशील? कबरींपर्यंत नको, नुसतं खोऱ्याच्या तोंडाशी.”

“सुकला की लगेच,” मी म्हटलं.

त्या वर्षी बर्फ उशिरापर्यंत पडत राहिलं. एप्रिलमध्ये ऑरिनचा ट्रक दोनदा चाकांपर्यंत चिखलात रुतला. फोनवर दर खेपेला ती विचारायची, “सुकला का?” आणि मी म्हणायचे, “अजून नाही गं.” मे महिन्यात घरमालकिणीचा फोन आला. आर्डिथ सकाळी उठली नव्हती.

तिला वेंडल आणि कोरीनजवळ पुरायला वर न्यायचं म्हटल्यावर ऑरिन आणि शेजारच्या माणसांनी ट्रकच्या चाकांना साखळ्या बांधल्या, आणि जिथे साखळ्याही चालेनात तिथे घोडे जुंपले. मी मागून चिखल तुडवत चालले होते. बूट एकेका पावलाला रुतत होता, आणि मनात एकच येत होतं, एप्रिलमध्येही असे घोडे जुंपता आले असते.